धाक, आदर आणि मैदान सोडणारी पोरं

प्रशिक्षक कडक नसला तर पोरं डोक्यावर बसतात, धाक असला तरच मान ठेवतात, असं महाविद्यालयांच्या मैदानांवर आजही ठासून सांगितलं जातं. दाखलाही ठरलेला असतो, क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांचा. 29 वर्षांत सरांनी एकदाही आपल्याला ‘छान खेळलास’ म्हटलं नाही, हे सचिन तेंडुलकरने 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं. मग कौतुकाची गरजच काय, असा सवाल येतो.

पण हा दाखला अर्धाच सांगितला जातो. एका दिवसात दोन-दोन सामने खेळता यावेत म्हणून सर आपल्याला स्कूटरवर बसवून मुंबईभर फिरवत, हेही सचिनने त्याच भाषणात सांगितलं. स्टंपवर ठेवलेला रुपया नाबाद राहणाऱ्या पोराचा, हा सरांचा नियम होता. आचरेकरांच्या कडकपणामागे त्यांची स्वतःची मेहनत होती आणि पोरांना ती रोज दिसत होती. मेहनत वगळून नुसता आवाज उचलणाऱ्याला आचरेकरांचं नाव घेण्याचा हक्क नाही.

हॉकीचंच बघा. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला संघ बारा संघांत शेवटचा आला. टोकियोतही पहिले तिन्ही सामने गेले. ब्रिटनकडून 1-4 असा पराभव झाल्यावर प्रशिक्षक शोर्ड मरीन्ये यांनी खेळावर उघड नाराजी व्यक्त केली. त्यांनी काही गोंजारलं नाही. तरीही त्याच मुलींनी आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला 1-0 असं नमवलं आणि चौथा क्रमांक मिळवला. त्या संघात झारखंडच्या आदिवासी खेड्यांतून आलेल्या निक्की प्रधान आणि सलिमा टेटे होत्या. खेळावर कठोर बोलणं आणि खेळाडूला हिणवणं यांतला फरक मुलींना नेमका कळतो.

जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी तालुक्यांत हा फरक जास्त महत्त्वाचा. इथल्या वारली, कोकणा, ठाकर, कातकरी घरांतली कित्येक मुलं घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेली असतात. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर किंवा भिवंडी-वसईकडे कामाला जातात. अशा मुलाला चारचौघांत ‘जंगली’ म्हटलं तर तो उलट बोलत नाही. खाली मान घालतो आणि पुढच्या आठवड्यापासून मैदानावर दिसत नाही. त्या गप्प बसण्याला आदर समजणं ही प्रशिक्षकाची घोर चूक आहे, आणि तिची किंमत पोर मोजतं.

मोखाड्याच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत याच डोंगरपट्ट्यातली. अनवाणी धावणाऱ्या या मुलीला नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक लाभला. 2010 साली तिने 10,000 मीटर शर्यतीत दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. लांब पल्ल्याचा सराव वर्षानुवर्षं चालतो. ज्या प्रशिक्षकाच्या हिशोबावर विश्वास नाही, त्याच्या सांगण्यावरून इतकी वर्षं कुणी पहाटे उठून धावत नाही.

शिस्त नको, असं इथे कुणी म्हणत नाही. उशिरा येणाऱ्याला जाब विचाराच. पण तो पाड्यावरून पायी आला की एसटी चुकली, हे आधी विचारा. संघातून वगळलंत तर कारण त्याच्यासमोर सांगा. आणि प्राध्यापकाचा भाचा असो की कातकरी वाडीतलं पोर, चुकलेल्या पासबद्दल दोघांनाही सारख्याच शब्दांत बोला.