खटक्याची हौस खिशात नको

अंगठा पुढे सरकतो, ‘खट्’ आवाज होतो आणि मुठीच्या तोंडातून पातं सरळ बाहेर. परत ‘खट्’, पातं आत! हे रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. या चाकूला ‘आउट द फ्रंट’, थोडक्यात ओटीएफ म्हणतात. अमेरिकेत मायक्रोटेक, बेंचमेड अशा कंपन्या तो बनवतात, चांगल्या चाकूला शेकडो डॉलर मोजणारे शौकीनही तिथे भरपूर आहेत.

‘नुसती शायनिंग’ म्हणून ही हौस उडवून लावणं मला पटत नाही. कारण आतली रचना खरंच डोकेबाज आहे. बटण ढकललं की आधी स्प्रिंग ताणली जाते. ठरावीक टप्प्यावर अडकण सुटते आणि पातं झेपावतं. शेवटचं थोडं अंतर ते स्वतःच्या वेगावरच कापतं आणि लॉक होतं. वाटेत काही आडवं आलं तर अर्ध्यातच थांबतं, मग हाताने ओढून जागेवर बसवावं लागतं. पातं सरकायला जागा हवी, म्हणून उघडल्यावर ते किंचित हलतंच. अगदी घट्ट बसवलं तर अडकतं. शौकीन मंडळी आतला कचरा काढतात, तेलाचा एखादाच थेंब सोडतात, कारण तेल जास्त झालं की धूळ धरतं. मेकॅनिकलची पोरं ‘फिट्स अँड टॉलरन्स’ परीक्षेपुरतं रटतात, ते इथे बोटांना कळतं.

मग अडचण कुठे आहे? या सगळ्या फाइन ट्यूनिंगचा हेतू एकच: मनात आल्यापासून पातं बाहेर येईपर्यंतचा वेळ कमी करणं. वर्कबेंचवर हे कौशल्य आहे. पार्किंगमध्ये भांडण पेटलेलं असताना तोच अर्धा सेकंद आपल्याला वाचवणारा असतो. दोन शिव्या आणि एका धक्क्यावर मिटणारं प्रकरण अंगठ्याच्या एका हालचालीत रक्तापर्यंत जाऊ शकतं.

‘पण कोयत्याला कुठे स्प्रिंग असते?’ असं कुणी विचारेल. मुद्दा बरोबर आहे. पुण्यात कोयता गँगने दहशत माजवली ती ऊसतोडीच्या साध्या अवजाराने. म्हणजे दोष एकट्या खटक्याचा नाही. पण कोयता आणखी एक गोष्ट शिकवतो. उसाच्या फडात तो अवजार असतो, रस्त्यावर मिरवला की हत्यार होतो. वस्तू तीच, जागा बदलली.

अमेरिकेलाही हा हिशोब सोपा गेला नाही. तिथे १९५८ मध्ये केंद्रीय कायद्याने खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आली. पण त्याच कायद्यात एकच हात असलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू जवळ ठेवायची सूट आहे, कारण त्याची ती गरज आहे. टेक्साससारख्या राज्याने २०१३ मध्ये आपली बंदी उठवली. तिथले लोक त्यावर वाद घालोत. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटीमीटर, म्हणजे साधारण तीन इंच किंवा त्याहून लांब पात्याचे बटणवाले चाकू शस्त्र कायद्याच्या कक्षेत आणले. आपल्या शहरांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वरचेवर मनाई आदेश निघतात आणि त्यात शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते. ‘सर, रीलसाठी आणला होता’ हे उत्तर पोलीस चौकीत चालत नाही. कोर्टात फौजदारी खटला सुरू असेल तर पासपोर्टही अडू शकतो. मास्टर्ससाठी बाहेर जायची स्वप्नं बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

यंत्रणेचं वेड असेल तर ते जरूर जोपासा. जुनं कुलूप खोला, सायकलचा गिअर ट्यून करा, खटक्याच्या पेनातली स्प्रिंग कशी अडकते ते बघा. डोकं तेवढंच लागतं, धोका शून्य. आणि कँटीनमध्ये एखादा मित्र खिशातून चाकू काढून ‘खट्’ करून दाखवायला लागला, तर ‘भारी रे’ म्हणण्याऐवजी ‘हे परत कॉलेजात आणू नकोस’ असं त्याला सांगा. तो थोडा चिडेल, पण एवढं तरी मैत्रीत सांगायलाच हवं.