एमएसमध्ये सिगारेट सोडणे हाही उपचारच

‘डॉक्टर, आजार मेंदूचा, मग सिगारेटचा काय संबंध?’ मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस) रुग्ण असे विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फुफ्फुसात आहे.

एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर, हल्ला करते. नजर अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही लक्षणे बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतात. स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळतो.

धुरामुळे फुफ्फुसांत सतत दाह राहतो आणि तेथील प्रतिकारपेशी चेतवल्या जातात. मायलिनवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी मेंदूत शिरण्याची क्षमता फुफ्फुसात मिळवू शकतात, हे जर्मन संशोधकांनी २०१२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले. धूम्रपान करणाऱ्यांत एमएसचा धोका सुमारे दीडपट असतो. स्वीडनमध्ये तोंडात ठेवायच्या तंबाखूने मात्र तो वाढलेला दिसला नाही. म्हणजे इथे संशय निकोटिनपेक्षा धुरावर अधिक आहे. अर्थात, म्हणून मिश्री किंवा तंबाखू-चुना निर्धोक ठरत नाही. त्यांच्यामुळे होणारे तोंडाचे कॅन्सर आम्ही रोज पाहतो.

निदान झाल्यावर ‘आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणणेही चूक आहे. २०१५ च्या एका स्वीडिश अभ्यासात, निदानानंतरही सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार सतत बळावत जाण्याच्या टप्प्यावर लवकर पोहोचला. सोडणाऱ्यांना तुलनेने अधिक काळ मिळाला.

तरीही आपल्या केसपेपरवर एमआरआय आणि महागडी इंजेक्शने सविस्तर लिहिली जातात, आणि धूम्रपानाला जेमतेम अर्धी ओळ मिळते. स्त्री रुग्णांना तर हा प्रश्न विचारायलाच आपण संकोचतो. घरात दुसरे कोणी ओढते का, हेही विचारत नाही. वास्तविक दुसऱ्याच्या धुरानेही एमएसचा धोका वाढतो. माझ्या मते प्रत्येक भेटीत हा प्रश्न विचारला जावा आणि सोडण्यासाठीची मदत औषधाइतक्याच गांभीर्याने लिहून दिली जावी.

यात रुग्णाला दोष देण्याचा हेतू नाही. जनुके, ड जीवनसत्त्वाची कमतरता, काही विषाणू अशी अनेक कारणे या आजारामागे असतात. त्यांपैकी जनुके बदलता येत नाहीत. सिगारेट सोडता येते. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. आणि घरच्यांनो, रुग्णासमोर विडी-सिगारेट पेटवू नका.