मुठीवरचे घुबड आणि वळचणीचे घुबड

घुबड दिसले की आपल्याकडे अजूनही पोरांच्या हातात दगड येतो. वाचकहो, अशा पक्ष्याच्या वाढदिवसाला जत्रा भरते म्हटले तर पटेल का?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ह्यूस्टन नावाचे हजारएक वस्तीचे गाव आहे. ॲलिस ही शिंगाळ्या घुबडाची मादी पिल्लू असताना घरट्यातून पडली, पंखाचे हाड मोडले, धड उडणे कायमचे गेले. रानात सोडली असती तर उपाशीच मेली असती. १९९८ पासून कार्ला ब्लूम यांनी तिला सांभाळले आणि हातमोज्यावर बसून लोकांसमोर यायला शिकवले. तिच्या वाढदिवसाच्या २००३ मधल्या कार्यक्रमातून पुढे घुबडांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव उभा राहिला.

हे शिकवणे म्हणजे बैलाला वेसण घालणे नव्हे. घुबडाला धाक दाखवला की ते फक्त बिथरते. नेमाने वजन करायचे, मोज्यावर आले की मांसाचा तुकडा द्यायचा, बावरले की त्या दिवसापुरते काम बंद. असे महिनोन्‌महिने!

पण हे वाचून कोणी पिल्लू धरून शाळेत नेणार असेल तर त्याने जरा थांबावे. ॲलिसचा नाइलाज होता. धडधाकट पिल्लू माणसाच्या हातावर वाढले की माणसालाच आपली जात समजते, मग रानात त्याचा निभाव लागत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे घुबड पकडणे गुन्हा आहे. वळचणीतून पिल्लू पडले आणि जखम नसेल, तर उचलून परत वर ठेवा. हात लागला की आई टाकते, ही निव्वळ समजूत. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

आणि शिकवायला पिंजरा लागतोच कशाला? पुरंदर तालुक्यातील पिंगोरीत २०१८ साली इला फाउंडेशनने घुबड महोत्सव भरवला, तोही गावातच. तुमच्या गावात पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड असेलच. त्याच्या बसायच्या जागेखाली काळपट गोळे पडलेले असतात. ती विष्ठा नव्हे. न पचलेली हाडे-केस ते तोंडावाटे टाकते. गुरुजींनी हातमोजे घालून एक गोळा भिजवावा, पोरांसमोर काडीने सोडवावा. उंदरांच्या कवट्या मोजून घ्याव्यात. त्या उंदरांनी सुगीत किती ज्वारी फस्त केली असती, ते गणित पोरांना घरी द्यावे. बापालाही सोडवू द्यावे.