कमरेला पिस्तूल लावण्याआधी



परवा कळंबच्या वाळूवर एका पोराने सदरा वर करून कमरेचा कट्टा दाखवला. म्हणाला, "आता कोण हात लावतंय बघू." मी गोदीत ओझी वाहणारा माणूस. हूक हातात देताना मुकादमाने सांगितलं होतं, लोखंड कुणाचं सगं नसतं. तेच त्याला सांगितलं. पोरगा हसला. म्हणून हे लिहितोय.

त्याची भीती खोटी नाही. हत्यारही आपल्या हाताला नवं नाही. १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट आजही आहे. पण शिस्तीतली बंदूक वेगळी आणि चोरून खोचलेला कट्टा वेगळा.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम वाचा. नियम ३ सरकारला काय सांगतो? जिथे अत्याचाराची भीती आहे, तिथली बेकायदा हत्यारं जप्त करा. गरज पडली तर इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करा आणि दलित-आदिवासींना परवाने द्या. आपल्यातल्या किती जणांनी हे वाचलंय? मागायचं तर हे मागा. लेखी मागा, पोच घ्या. कट्टा सापडला की ही मागणीच मेली. वर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची सजा. तू आत, आणि म्हातारी कोर्टाच्या पायरीवर.

परवाना हवाच असेल तर वय एकवीस पूर्ण पाहिजे. २०२० पासून आपल्याकडे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे, अर्ज तिथे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षेचं प्रशिक्षणही आहे. ते कागदापुरतं उरकू नकोस, नीट शीक.

आणि मिळालंच तर ऐक. पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं समज. नळी माणसाकडे नको, बोट चापावर नको. बाहेर नेताना म्यानात, पूर्ण झाकलेलं. दहा बाय दहाच्या खोलीत पोरंबाळं असतात. पिस्तूल कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. घोटभर जरी घेतली असेल तरी हात लावायचा नाय. जयंतीच्या मिरवणुकीत हवेत बार काढशील तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नायतर दोन्ही. आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर उतरते. तो पत्रा बहुतेक आपलाच.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, पण जीव वाचवायला लागेल तेवढाच. पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडली तर त्याला स्वसंरक्षण म्हणत नाहीत.

ज्याला हे सगळं जड वाटतं, त्याने हत्याराच्या वाटेला जाऊ नये. त्यात कमीपणा नाही. वस्तीवर चाल आली तर चार माणसं गोळा करणारा, फिर्याद नोंदवल्याशिवाय पोलीस ठाण्यातून न उठणारा, तोही लढतोच.

त्या पोराला मी पुन्हा भेटणार आहे. आधी कमरेचा कट्टा जाऊ दे, मग अर्ज मी लिहून देतो. मॅट्रिक झालोय, तेवढं येतं.

जय भीम.