लाजेपोटी वाढणारी गाठ

रामनगर, कॅसलरॉक, कुंभारवाडा या जोयडा तालुक्यातल्या गावांत बाळाचं वजन, दात, पहिलं पाऊल यांची चर्चा घरभर होते. त्याच्या दोन्ही वृषणग्रंथी पिशवीत उतरल्या आहेत की नाहीत, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. विचारायलाच हवं, कारण न उतरलेली ग्रंथी हाच वृषणाच्या कर्करोगाचा सर्वांत ठळक ज्ञात धोका आहे.

पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण तीन मुलग्यांत ग्रंथी उतरलेली नसते. बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप उतरते. न उतरल्यास दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत धोका सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट, तर नंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक आढळला.

वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तरीही धोका वाढतो. मार लागल्याने किंवा नसबंदीने तो होत नाही.

भारतात हा कर्करोग विरळ आहे. नॉर्वे, डेन्मार्कमध्ये प्रमाण कितीतरी जास्त. पण तो गाठतो ऐन तारुण्यात, बहुधा पंधरा ते चाळीसच्या दरम्यान, आणि न दुखणाऱ्या गाठीने सुरुवात झाल्यामुळे मुलगा गप्प बसतो. हेच मन विषण्ण करतं, कारण वेळेवर उपचार झाले तर दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात.

जोयड्याहून अणशी घाट उतरून कारवारचं रुग्णालय गाठण्यात दिवस मोडतो. म्हणून लसीकरणाच्या दिवशीच आरोग्यसेविकेने प्रत्येक मुलग्याच्या ग्रंथी उतरल्या आहेत का, हे तपासावं आणि शंका आल्यास तिथेच चिठ्ठी द्यावी.