कुठली कावीळ?

मामा माझ्या शेजारी बसून दर दोन मिनिटांनी शर्टात हात घालून पाठ खाजवत होता. पनवेलच्या लाइन आळीजवळचा दवाखाना, पोटविकारतज्ज्ञाचा. बाहेर चपलांचा ढीग, आत बाकावर आमच्यासारखे पंधरा-वीस. मामाच्या गळ्यात काड्यांची माळ होती, बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्यात गुंफलेली. "घातली तेव्हा डोक्यावर टोपीसारखी बसली होती," मामी मला कौतुकानं सांगत होती. "आता छातीवर आलीय. बेंबीला टेकली की उतरली म्हणायची."

डोळे पिवळे होऊन सतरा दिवस झाले होते. या सतरा दिवसांत मामाच्या नेऱ्याकडच्या घरात हळद बंद होती, तेल बंद होतं, जेवण अळणी होतं आणि नाक्यावरच्या गाड्यावरून रोज दोन ग्लास उसाचा रस येत होता. बर्फ घालून. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर पाण्यातून आलेला बर्फ, हा विनोद आपण दर उन्हाळ्यात न हसता करतो.

डॉक्टरीणबाईंनी माळ पाहिली, पण तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "काका, संडासचा रंग कसा असतो?" मामा माझ्याकडे बघायला लागला. भाच्यासमोर हे कसं बोलायचं? शेवटी मामीनं पदर सावरत सांगितलं, "पांढुरका. शाडूच्या मातीसारखा." "आणि लघवी?" "कोऱ्या चहासारखी." बाईंनी चिठ्ठी खरडली. "सोनोग्राफी आजच करा. उद्या नाही, आज." संध्याकाळी रिपोर्ट आला. पित्तनलिकेत खडा अडकला होता. मोरीत बोळा अडकावा तसा प्रकार. सतरा दिवसांच्या उसाच्या रसानं तो हलणार नव्हता.

आजचा स्तंभ त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

कावीळ हा रोगच नाही. ताप जसा अनेक रोगांचा निरोप्या, तशीच कावीळ. रक्तातल्या म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं, यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं आणि त्यामुळेच शौचाला तिचा नेहमीचा रंग येतो. वाट तुंबली की रंग आतड्यापर्यंत पोचत नाही. शौच पांढुरकी होते, माल लघवीवाटे निघायला लागतो म्हणून लघवी गडद होते आणि अंगाला खाज सुटते. वाट खड्यानं तुंबते, कधी कधी स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीनंही तुंबते. तिथं दोन-तीन आठवडे घालवणं कशाला म्हणतात ते सांगायला नको. सोबत थंडी वाजून ताप आला, तर दोन-तीन दिवससुद्धा जास्त होतात.

हे ज्ञान परदेशातून आलंय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं जरा थांबावं. चरकानं कामलेचे, म्हणजे काविळीचे, दोन प्रकार वेगळे सांगितलेत, कोष्ठशाखाश्रित आणि शाखाश्रित. दुसऱ्या प्रकाराची त्याची खूण काय, तर शौच वाटलेल्या तिळांसारखी पांढुरकी. वाट अडलेली आहे, हेही त्यानं म्हणून ठेवलंय. म्हणजे मामीनं शाडू म्हटलं आणि चरकानं तीळ. आपल्या पनवेलला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथंच धूतपापेश्वरचा कारखाना काढला आणि पनवेलचं नाव औषधाच्या बाटल्यांवरून देशभर गेलं. जुना वैद्य मल-मूत्राचा रंग विचारल्याशिवाय पुडी बांधत नसे. माळवाला मात्र काही विचारत नाही. डोळे पिवळे दिसले की माळ. त्याचा झगडा आधुनिक वैद्यकाशी आहे असं आपण समजतो. मला तर तो चरकाशीही फटकून वागताना दिसतो.

मग माळेचा एवढा बोलबाला का? कारण ती बऱ्याचदा 'लागू पडते'. हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ तेवढ्याच दिवसांत लांबते. ओल्या काड्या दोऱ्याच्या फासात घट्ट बसवलेल्या असतात, वाळल्या की बारीक होतात, फास सैल पडतो आणि माळ खाली उतरते. ठणठणीत माणसाच्या गळ्यातही ती तितकीच उतरेल. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ काढणं' हा तसाच खेळ. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावला की चुन्याची निवळी पिवळी होते. अंनिसचे कार्यकर्ते हे गावोगावी करून दाखवत आलेत.

पण सगळ्यांचंच आपोआप बरं होत नाही. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ई प्रकारची कावीळ झाली तर ती जिवावर बेतू शकते. २०१२ साली इचलकरंजीत पंचगंगेच्या घाण पाण्यानं कावीळ पसरली, तेव्हा माणसं दगावली. देहरंग धरणाचं पाणी उन्हाळ्यात आपल्याला पुरत नाही आणि टँकर सुरू होतात, तेव्हा मला दर वर्षी इचलकरंजी आठवते. रुग्ण दिवसा झोपाळल्यासारखा करायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, की यकृत हात टेकतंय असं समजावं. तेव्हा गाडी काढायची.

गाडी काढून जायचं कुठं, हा प्रश्न मात्र आता सुटत आलाय. माझ्या लहानपणी 'पोटाचं काहीतरी मोठं' म्हणजे केईएम नाहीतर सायन. हार्बरची लोकल, खांद्यावर पिशवी, रात्री व्हरांड्यात सतरंजी. आता पनवेल-खारघर-बेलापूर पट्ट्यात एमडीनंतर आणखी तीन वर्षं घालवून डीएम झालेले पोटविकारतज्ज्ञ बसतात. दुर्बिणीनं खडा काढणारे आहेत, यकृत प्रत्यारोपणही नवी मुंबईत होतं. अंतर संपलंय, उशीर संपलेला नाही. सतरा दिवस मामा घरातून दवाखान्यापर्यंतच्या अर्ध्या तासाच्या रस्त्यावर नव्हताच, तो माळेच्या लांबीवर होता.

यावर काहींचा उपाय ठरलेला असतो, माळवाल्यांना आत टाका. कायद्याचं कलम बघा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप आणि विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. काविळीचं नाव त्या यादीत नाही. आणि असतं तरी मी त्यावर भिस्त ठेवली नसती. मामाला माळ देणारा म्हातारा पैसे घेत नाही, फक्त नारळ घेतो. त्याच्यावर पोलीस घातले तर सगळा गाव त्याच्या बाजूनं उभा राहील, मामी सर्वांत पुढे.

त्यापेक्षा त्यालाच कामाला लावा. गावोगावच्या सुइणींना सरकारनं बोलावून प्रशिक्षण दिलं होतंच की. महापालिकेनं आणि जिल्हा परिषदेनं माळवाल्यांना बोलवावं, चहा पाजावा आणि तीन प्रश्न पाठ करून घ्यावेत. शौच पांढुरकी आहे का? माणूस गुंगतोय का? बाई गरोदर आहे का? एकाचं उत्तर 'हो' आलं तर माळ घाल बाबा, पण आजच दवाखान्यात पाठव. उपजिल्हा रुग्णालयात पोटविकारतज्ज्ञ नसला तरी फिजिशियन असतो. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी एवढ्यावर कावीळ कुठली ते बहुतेक वेळा कळतं. बी किंवा सी हिपॅटायटिस निघाला तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची औषधं फुकट आहेत. त्यातला सी तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांत जवळजवळ सगळ्यांचा बरा होतो. हे माळवाल्याला कुणी सांगितलंय? मला शंका आहे, कितीतरी एमबीबीएसवाल्यांनाही कुणी सांगितलेलं नाही.

मामाचं पुढे सुरळीत झालं. तोंडातून दुर्बीण घातली, पित्तनलिकेचं तोंड जरासं कापून खडा काढला, नळीत प्लास्टिकचा बारका स्टेंट ठेवला. तिसऱ्या दिवशी खाज गेली, आठवड्याभरात डोळे निवळले. काल मामीचा फोन आला. स्टेंट काढायची तारीख कागदावर कुठं लिहिलीय ते तिला सापडत नव्हतं. मी सांगितली. मग म्हणाली, "येत्या रविवारी गाडी घेऊन ये. म्हाताऱ्याला नारळ द्यायचा राहिलाय."


"माळेचा?" मी विचारलं.

"मग कशाचा! बेंबीला टेकली की नाही?"