ओसरीवरून : महासरोवरांतील होडी

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आमच्या हातीं आलें. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत मिनियापोलिस शहरीं नोकरीस आहेत, आणि येत्या उन्हाळ्यांत मित्रांसह लेक सुपीरियर नामक सरोवरांत कयाक घेऊन हिंडण्याचा त्यांचा बेत आहे. ठिकाणें रमणीय आहेत असें मुलगा लिहितो. पण तीं निर्भय आहेत काय, आणि आपण त्यास नको म्हणावें काय, असें त्या माउली विचारतात. एरव्हीं अशा प्रश्नास आम्हीं 'हा आमचा विषय नव्हे' असें उत्तर धाडलें असतें. आमचा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेला. परंतु योगायोग असा कीं आमची कन्या व जांवईबापू त्याच शहरीं राहतात, आणि दोन वर्षांपूर्वीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, आम्ही स्वतः त्या होडींत बसलों आहों.

सरोवर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कमळें, हंस आणि दगडी घाट उभे राहतात. सुपीरियरच्या तीरावर उभें राहिलें म्हणजे हीं सारीं चित्रें पुसून जातात. पैलतीर दिसत नाहीं. क्षेत्रफळ सुमारें ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून कांहींसें अधिक. अत्यंत खोल ठिकाणीं पाणी ४०६ मीटर. तेथील मूळचे रहिवासी ओजिब्वे लोक त्यास 'गिचिगामी' म्हणतात. महाजल असा त्याचा अर्थ, आणि तें नांव आम्हांस अधिक अन्वर्थक वाटतें. १९७५ च्या नोव्हेंबरच्या १० तारखेस एडमंड फिट्झजेरल्ड हें ७२९ फूट लांबीचें मालवाहू जहाज तेथील वादळांत बुडालें व त्यावरील २९ माणसांपैकीं एकहि वांचला नाहीं. जेथें असल्या जहाजाची ही गति, तेथें सोळा-सतरा फुटी होडीनें कसें वागावें याचा विचार आधीं केलेला बरा.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची शिकारीची होडी. लांब, अरुंद, वरून झांकलेली. मध्यें माणूस बसण्यापुरतें भोंक, आणि हातांत दोन्ही टोकांस पातें असलेलें वल्हें. पाणी आंत येऊं नये म्हणून कमरेभोंवतीं एक झगा बांधून तो त्या भोंकाच्या कांठावर ताणून बसवितात. मोठ्या सरोवरासाठीं हीच बंद होडी हवी. तलावांत खेळण्याच्या आंखूड, उघड्या होड्या बाजारांत स्वस्त मिळतात. त्या येथें आणूं नयेत.

आतां थंडीविषयीं. आम्ही प्रथम गेलों तो जुलै महिना होता, ऊन चांगलें होतें. शिकविणाऱ्या बाई वयानें आमच्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढ्या असतील. त्यांनीं अंगास घट्ट बसणारा निओप्रीनचा काळा पोशाख आमच्यापुढें ठेविला. तो पाहून आम्हांस संकोच वाटला. हवा इतकी उबदार असतां याचें काय प्रयोजन, असें आम्हीं विचारिलें; आणि त्यांचें उत्तर पुरें होण्यापूर्वींच, जीवरक्षक जाकीट तेवढें अंगांत होतें, तसेच कमरेएवढ्या पाण्यांत शिरलों. पन्नास वर्षें आम्ही थंड पाण्यानें स्नान करीत आलों आहों व त्याचा अभिमानहि आम्हांस होता. स्नानाचा श्लोक म्हणत आम्हीं गळ्यापर्यंत बैठक घेतली. दुसरा चरण तोंडांतून निघेना. छाती आपोआप आंत ओढली जाऊं लागली, एकामागून एक उचकीसारखे श्वास येऊं लागले. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असतें तर तें पाणी थेट फुप्फुसांत गेलें असतें. नातू कांठावर हंसत होता. त्याची आई हंसत नव्हती. ती धांवत पाण्यांत आली व "बाबा, आधीं बाहेर या," एवढेंच म्हणाली. आम्हीं बाहेर येऊन निमूटपणें तो काळा पोशाख चढविला. (हृदयविकार असलेल्यांनीं हा प्रयोग मुळींच करूं नये. आम्हींहि करावयास नको होता.)

यांतील शास्त्र सोपें आहे. पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें, म्हणून खोल सरोवराचा तळ बारमाही तेवढाच गार राहतो. जूनअखेरपर्यंत कांठापासून दूर पृष्ठभागहि चार-पांच अंशांच्या आसपास असतो. ऑगस्टांत उथळ उपसागर बरेच तापतात. पण कांठाकडून आंत वारा सुटला कीं तें वरचें उबदार पाणी दूर लोटलें जातें व खालचें वर येतें, आणि काल जेथें मुलें पोहत होतीं तेथें आज पाय ठेववत नाहीं. बाईंनीं आम्हांस एक-दहा-एक असें सूत्र पाठ करावयास लाविलें. अति थंड पाण्यांत पडल्यावर श्वास ताब्यांत आणण्यास एक मिनिट. हातपाय कामाचे राहतात तीं सुमारें दहा मिनिटें. आणि शुद्ध हरपण्यास सुमारें एक तास. सूत्राचा अर्थ लक्षांत घ्यावा. पोहणें उत्तम येणारा मनुष्यहि दहा-पंधरा मिनिटांनंतर पोहूं शकत नाहीं, कारण त्याचीं बोटें व बाहू बधिर होतात. पहिल्या मिनिटांत तोंड पाण्यावर ठेवणारें साधन म्हणजे अंगांत बांधलेलें जाकीट. होडीच्या पाठीवर बांधलेलें जाकीट त्या मिनिटांत कोणाच्या उपयोगीं पडणार?

म्हणून बाईंनीं जेव्हां नकाशा पसरला तेव्हां त्यांनीं कडे आणि धबधबे आधीं दाखविले नाहींत. वाळूचे उतार दाखविले. होडी कोठें लावतां येईल, तेथून पुढचा उतार किती दूर, आणि मधल्या पट्टींत वारा कोणत्या बाजूचा लागेल, यावरून त्या ठिकाणाची प्रत ठरवीत. ही परीक्षा आम्हांस फार पटली. दुर्दैवानें या सरोवरावर जें अत्यंत सुंदर तेंच बहुधा उताराविना असतें.

उदाहरणार्थ मिशिगन राज्यांतील म्युनिसिंग गांवाजवळचे 'पिक्चर्ड रॉक्स'. १९६६ सालीं या तीरास राष्ट्रीय संरक्षण मिळालें. सुमारें पंधरा मैल वालुकाश्माचे कडे, कोठें कोठें २०० फूट उंच. खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यानें लोखंड, तांबें, मँगनीज यांचे तांबडे, हिरवे, काळे ओघळ त्यांवर उतरलेले. दोन प्रहरनंतरच्या उन्हांत ते पाहावेत. पण मायनर्स बीच सोडलें कीं मॉस्किटो बीच व चॅपल बीच हेच काय ते विसाव्याचे उतार. मध्यें केवळ भिंत. लाट भिंतीवर आपटून परत फिरते, येणाऱ्या लाटेशीं तिची गांठ पडते, आणि होडीखालचें पाणी कढईंतल्याप्रमाणें उसळूं लागतें. शिवाय कडा स्वतःहि ढांसळतो: २०१९ च्या ऑगस्टांत कयाकवाल्यांच्या देखत मोठा भाग पाण्यांत कोसळला, ते थोडक्यांत बचावले. म्हणून कड्याच्या अगदीं पायथ्याशीं जाऊं नये. त्याच गांवासमोर ग्रँड आयलंड नांवाचें बेट आहे. त्याच्या आडोशाच्या मरे उपसागरांत 'बर्म्युडा' नामक जुनें शिडाचें गलबत बुडालेलें असून पाणी इतकें निर्मळ कीं होडींतून खालीं पाहिलें असतां त्याचें लांकूड दिसतें. नवशिक्यानें आधीं तेथें जावें.

मिनियापोलिसहून जवळचें, मोटारीनें चार तासांवरचें ठिकाण म्हणजे विस्कॉन्सिनमधील बेफील्ड. समोर अपॉसल बेटें, एकूण बावीस. त्यांतील एकवीस राष्ट्रीय उद्यानखात्याकडे आहेत. गांवाच्या समोरचें बासवुड बेट जवळ आहे व बाहेरचीं बेटें मोठ्या लाटा अडवितात. सोबत जाणता वाटाड्या असेल आणि सकाळ शांत असेल तर कुटुंबानें जाण्यास हें बरें. बाहेरच्या बेटांचा मोह मात्र पहिल्या वर्षीं धरूं नये. याच भागांत पश्चिमेस मायर्स बीच आहे. तेथून मैलभर वल्हविलें म्हणजे लाटांनीं कोरलेल्या तांबड्या गुहा लागतात. त्यांविषयीं पुढें सांगतों.

ज्यांस आठवडाभर एकांत हवा त्यांनीं आइल रॉयल या बेटाचा विचार करावा. तेथें लांडगे व मूस नांवाचे प्रचंड सांबर राहतात. टोबिन हार्बर ही तेथील लांबट अरुंद खाडी वाऱ्यापासून सुरक्षित आहे. पण त्या बेटावर जावयाचें तें उतारूंच्या बोटीनें, कयाक बोटीवर चढवून. मधलें उघडें पाणी वल्हवून ओलांडण्याचें साहस करूं नये. कॅनडाच्या बाजूस रॉसपोर्ट गांवासमोरचीं बेटें, आणि अगावा येथें कड्यावर तांबड्या रंगानें काढलेलीं ओजिब्वे लोकांचीं चित्रें, हीं पाहण्याजोगीं आहेत. मात्र आपल्या मुलांस कॅनडाचा परवाना निराळा काढावा लागतो.

कोंकणांत नारळी पौर्णिमेपूर्वीं कोळी दर्यांत होडी लोटीत नाहींत. सुपीरियरवर नेमके जुलै व ऑगस्ट हेच बरे महिने. जूनमध्यें धुकें, आणि सप्टेंबरानंतर वादळांचे दिवस जवळ येऊं लागतात.

तेव्हां भगिनींनीं मुलास नको म्हणूं नये, असें आमचें मत आहे. नको म्हटलेलें दूरदेशीं गुपचूप होतें. विचारावें मात्र अवश्य. अंगांत काय घालणार? उलटलेल्या होडींत पाण्यांतून पुन्हां चढण्याचा सराव कोणाबरोबर केला? मोबाईल फोन पुष्कळ ठिकाणीं मुका होतो, तर बिनतारी यंत्र सोबत आहे काय? कोणत्या वाटेनें जाऊन किती वाजतां परतणार हें कांठावर कोणास लिहून दिलें आहे? आणि वारा फिरला तर कोणत्या उतारावर लागणार? या शेवटच्या प्रश्नास गांवाचें नांव घेऊन उत्तर आलें तर खुशाल जाऊं द्यावें.

आमच्या नातवाचा जीव त्या मायर्स बीचच्या गुहांत गुंतला होता. वर्षभर त्यानें त्यांचें चित्र अभ्यासाच्या मेजावर लावून ठेविलें होतें. ठरल्या दिवशीं आम्ही पहाटे तेथें पोहोंचलों, पोशाख चढविले, होड्या वाळूवर मांडल्या. आम्हांस पाणी शांतच दिसत होतें. बाईंनीं वायव्येकडे बराच वेळ पाहिलें, यंत्रावर हवामानाचें वृत्त ऐकिलें, आणि होड्या पुन्हां गाडीवर चढविण्यास सांगितलें. जांवईबापू जरा रागावले. रजा एकाच दिवसाची होती. नातू रडला. दहा वाजण्याच्या सुमारास आम्ही बेफील्डच्या आडोशास वल्हवीत होतों तेव्हां बेटांच्या पलीकडे पांढरे फेंस दिसूं लागले. जांवईबापूंनीं ते पाहिले, पण कोणी कांहीं बोललें नाहीं.

त्या गुहा आम्हीं अद्याप पाहिलेल्या नाहींत. नातू आतां तेरा वर्षांचा आहे आणि दर शनिवारीं पोहण्याच्या हौदांत होडी उलटवून तींत परत चढण्याचा अभ्यास करतो. गेल्या पत्रांत त्यानें विचारलें आहे कीं, आजोबा, तुमचा काळा पोशाख जपून ठेविला आहे. या जुलैंत याल ना?